एमडी ड्रगची पुडी घरात सापडली, आता पुढे काय करायचं?

तापीकाठ_चोपडा
नमस्कार मंडळी. दोन दिवस झाले लिहू की नको करत होतो, शेवटी रात्री दीड वाजता लिहायला बसलो. धाकटा भाऊ पुण्याला शिकतो, तिसरं वर्ष. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आला तेव्हाच बारीक झालेला दिसला, पण आई म्हणे मेसचं जेवण, दुसरं काय. दोन दिवस झोपला नाही, मग सलग एकोणीस तास झोपला. झोपेत दात असे करकर खायचा की कूलरच्या आवाजातही बाजूच्या खाटेवर मला ऐकू यायचं. परवा त्याची पॅन्ट धुवायला टाकताना खिशात प्लास्टिकची पुडी सापडली. सराफाकडे नाकातली चमकी घेतली की ती ज्या इवल्याशा झिपच्या पाकिटात देतो ना, तसलीच. आत पांढरे खडे, तुरटी कुटल्यासारखे, आणि सोबत गुंडाळलेली दहाची नोट. विचारलं तर आधी म्हणे ग्लुकोज आहे, मग रडायला लागला, मग म्हणे एमडी आहे दादा, वर्ष झालं.

आबांना अजून सगळं सांगितलं नाही, अर्धं सांगितलंय. त्यांच्या ओळखीतल्या एकाने हायवेवरच्या कुठल्या तरी व्यसनमुक्ती सेंटरचा नंबर दिलाय, म्हणे रात्री गाडी पाठवतात आणि उचलून नेतात. आईचं एकच, गावात कोणाला कळू देऊ नका. आणि मला भीती ही की दवाखान्यात नेलं तर डॉक्टर पोलिसांना कळवतील का? केस झाली तर पोराचं आयुष्य गेलं. हे एमडी नेमकं काय असतं, सुटतं का, आणि कायदा काय म्हणतो, ज्याला माहीत असेल त्याने कृपया नीट सांगा. अंदाजाने नको.

भुसावळी
स्पष्ट बोलतो, राग नका मानू. पुडी घ्या, पोराला घ्या आणि सरळ पोलीस स्टेशन गाठा. एकदा आत जाऊन आला की वर्षभराची नशा उतरते. लाड करून करूनच ही पोरं बिघडू राहिली.

खापरावरची_पोळी
@भुसावळी दादा, तुमच्या घरातलं पोर असतं तर हेच लिहिलं असतं का? त्याने आपल्या तोंडाने मोठ्या भावाला सांगितलंय. जे पोर रडून खरं बोललं त्याला दुसऱ्या दिवशी ठाण्यात नेलं तर ते जन्मात कोणाला खरं सांगणार नाही.
तापीकाठ भाऊ, आईला एकटं ठेवू नका. माझ्या मावसभावाच्या वेळी सगळे त्याच्यामागे लागले आणि मावशीचा बीपी कोणी बघितलाच नाही.

सिस्टर_धुळे
मी नर्स आहे, सतरा वर्षं सरकारी दवाखान्यात, त्यातली बरीच अपघात विभागात. जेवढं डोळ्याने बघितलं आणि शिकले तेवढंच सांगते.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. अंगात गेलं की मेंदूतलं डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन एकदम उसळतं. नाकाने ओढलं तर दहा-वीस मिनिटांत चढतं आणि दोन-तीन तासांत उतरतं. खरी मेख त्या उतरण्यात आहे. उतरायला लागलं की परत घ्यावंसं वाटतं, म्हणून पोरं एका बैठकीत पुन्हा पुन्हा घेत राहतात आणि सकाळ कधी झाली कळत नाही. भूक मरते, झोप मरते, जबडा आवळला जातो म्हणून दात खाणं, गालाच्या आतल्या बाजूला चावल्याच्या जखमा, नाकातून रक्त, हातपायाची बोटं गार आणि कधी निळसर. छाती धडधडते, बीपी वाढतो. जास्त दिवस चाललं की संशय येतो, कोणीतरी पाठलाग करतंय, भिंतीतून आवाज येतात.

आता आपल्या खान्देशासाठी महत्त्वाचं. याने अंगाचं तापमान वाढतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याची खोली, लाईट गेलेली, आणि पोरगा त्यात एमडी घेऊन बसलेला, तर ताप मेंदूला चढायला वेळ लागत नाही. अंग भट्टीसारखं तापलं, बडबड सुरू झाली, छातीत दुखलं किंवा झटका आला तर घरी थांबू नका, १०८ ला फोन. येईपर्यंत कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, पंखा लावा. झटका आला तर कुशीवर वळवा, नाकाला कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर अजिबात नको. आणि भीतीने तांब्यावर तांबे पाणी पाजू नका, याने रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं, नुसत्या पाण्याने ते आणखी उतरतं.

याला उतारा म्हणून इंजेक्शन नाही. दवाखान्यात शांत करायची औषधं देतात, अंग थंड करतात, हृदयावर लक्ष ठेवतात. पण वेळेत आणलेलं पोरगं वाचतं. डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगा. तापाचा पेशंट म्हणून आणतात आणि आम्ही चाचपडत बसतो.

केळीवाला_रावेर
सिस्टर हे ते कुत्ता गोलीसारखंच का? मालेगाव-धुळ्याकडे जे चालतं ते. आमच्याकडे केळीची कापणी रात्रीची चालते, गाडी पहाटेच्या आत भरायची असते, तेव्हा एका गाडीच्या क्लीनरने आमच्या मजुराला गोळी दिली होती जागायची म्हणून. तो मजूर दुसऱ्या दिवशी घडावर कोयता मारता मारता स्वतःच्या हातावर मारून बसला, बारा टाके. तेव्हापासून मी गाडीवाल्यांना सांगून ठेवलंय, चहा किती पण प्या, माझ्या वावरात गोळी चालणार नाही.

सिस्टर_धुळे
नाही भाऊ, उलटं आहे. कुत्ता गोली म्हणतात ती बहुतेक अल्प्राझोलम, झोपेच्या गटातली, ती सुस्त करते. एमडी जागवतं. तुमच्या मजुराला जागायला दिलेली गोळी वेगळीच असेल. पण काही पोरं एमडीची धडधड उतरवायला वरून झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेतात, आणि जेव्हा दोन्ही एकत्र येतात तेव्हा आम्हालाही कळत नाही कुठून सुरुवात करावी.

अमळनेरकर
आमच्या आईने टीव्हीवर म्याऊ म्याऊ जप्त असं ऐकलं आणि मला विचारते, का रे, मांजरी धरल्या म्हणून एवढे पोलीस कशाला? हसलो खूप. पण मग समजावून सांगितलं तर गप्प झाली, म्हणे नाव बी असं गोड ठेवतात मेले.
नाव कशावरून पडलं कोणाला माहितीये का?

एमआयडीसी_जळगाव
@अमळनेरकर, रासायनिक नाव ४-मिथाइलमेथकॅथिनॉन. त्याचं इंग्रजी आद्याक्षरांत ४-एमएमसी होतं, आणि एमएमसी, कॅट असं करत करत म्याऊ म्याऊ. मी केमिकल प्लांटला क्वालिटीत आहे, म्हणून हा विषय थोडा वाचलाय.

कॅथिनॉन हे मुळात खात नावाच्या झुडपात असतं, येमेन, इथिओपियाकडे लोक त्याची पानं तासन्‌तास चघळतात. मेफेड्रोन मात्र कुठल्या झाडात नाही, पूर्ण प्रयोगशाळेतलं. १९२९ साली फ्रान्सच्या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात पहिल्यांदा त्याची नोंद आली आणि पुढे सत्तरेक वर्षं कोणी त्याच्याकडे फिरकलं नाही. २००३ च्या सुमारास इंटरनेटवरच्या लोकांनी ते परत उकरून काढलं. मग युरोपात झाडांचं खत, बाथ सॉल्ट अशा नावाने उघड विकलं जायचं, पाकिटावर छापलेलं की माणसाने खाण्यासाठी नाही. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये बंदी घातली.

डिझायनर ड्रग म्हणतात ते याच्यासाठी. कायद्यात एका रेणूचं नाव लिहिलेलं असतं, हे लोक त्याला इकडे एक तुकडा जोडतात तिकडे एक काढतात, नशा तीच आणि यादीत नाव नाही. सरकार नाव घालेपर्यंत तो माल विकून मोकळे. म्हणून पुडीत एमडीच आहे असं घेणाऱ्याने पण समजू नये, विकणाऱ्यालाच माहीत नसतं. माझ्या कामात एका ड्रमचं सॅम्पल चार वेळा तपासून सही करतो आम्ही, आणि ही पोरं कोणीतरी बाथरूममध्ये कुटलेली पावडर नाकात ओढतात, याचा मला फार त्रास होतो.

आपल्या राज्यात तर कारखानेच निघाले. ऑक्टोबर २०२३ ला नाशिकजवळ शिंदे गावात, फेब्रुवारी २०२४ ला पुणे जिल्ह्यात कुरकुंभच्या एमआयडीसीत. बाहेरून येणारी गोष्ट राहिली नाही ही.

भुसावळी
मग मी काय चुकीचं बोललो? कारखाने आपल्या राज्यात, माल आग्रा रोडने आणि रेल्वेने फिरतो, शिरपूरकडे सातपुड्यात गांजाची शेती दर वर्षी सापडते. पोलिसांत गेल्याशिवाय साखळी तुटणार कशी? माझ्या चाळीतला एक पोरगा गेला मंडळी. दारूने नाही, अपघाताने नाही, याच्याने. सव्वीस वर्षांचा. त्याच्या घरच्यांनी पण लपवलं होतं. म्हणून जीव तुटून बोलतो.

खापरावरची_पोळी
दादा, हे आधी सांगितलं असतं तर मी तसं बोलले नसते. माफ करा.

वकील_देवपूर
कायद्याचं मी सांगतो, सविस्तर, कारण अर्धवट माहितीने जास्त नुकसान होतं.

भारतात मेफेड्रोन ५ फेब्रुवारी २०१५ ला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आलं. त्याआधी मुंबईत ते सर्रास मिळायचं आणि पोलिसांना या कायद्याखाली पकडताच येत नव्हतं. आज कुठल्याही प्रमाणात जवळ बाळगणं, देणं, नेणं, घेणं गुन्हाच.

शिक्षा वजनावर ठरते. २ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक मात्रा, कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, वर एक ते दोन लाख दंड, आणि कलम ३७ मुळे जामीन मिळणं महाकठीण. मधलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. आणि शुद्ध माल किती हे धरत नाहीत. २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भेसळीसकट पूर्ण वजन मोजायचं. म्हणजे खडूची भुकटी मिसळलेली असली तरी ती पण तुमच्या नावावर.

दुसरं, मित्रासाठी आणलं, मी विकत नाही, पैसे घेतले नाहीत, हे बचाव चालत नाहीत. फुकट दिलं तरी देणंच. माझ्याकडे आलेल्या पोरांपैकी निम्मी अशीच, एकाने पाच जणांची वर्गणी काढून आणलं आणि अडकला तो एकटा.

आता तापीकाठ भाऊंच्या मुद्द्यावर. याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस, ज्याच्यावर फक्त सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप आहे, तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात, संस्थेत उपचाराला गेला तर त्याच्यावर त्याबद्दल खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. नीट वाचा, सरकारी किंवा सरकारमान्य. रात्री गाडी पाठवून उचलणारं सेंटर मान्यताप्राप्त नसेल तर हे संरक्षण तुम्हाला मिळणारच नाही.

@भुसावळी साहेब, विकणाऱ्याची माहिती पोलिसांना द्याच. १९३३ हा केंद्राच्या अमली पदार्थ विभागाचा नंबर आहे, नाव न सांगता पण देता येते. पण घेणारा आणि विकणारा, दोघांना एका तराजूत तोलू नका.

पिंपळनेर_मास्तर
माझा अनुभव वेगळा पण उपयोगी पडेल म्हणून. एका पालकाने मेडिकलमधून लघवी तपासायची किट आणली, निगेटिव्ह आली, बापाने पोराला छातीशी धरलं, पेढे वाटायचेच बाकी होते. तीन महिन्यांनी तोच पोरगा हॉस्टेलच्या गच्चीवर सापडला, सुदैवाने जिवंत.

सिस्टर_धुळे
सर बरं झालं हे लिहिलं. बाजारातल्या साध्या किटमध्ये एमडी बऱ्याचदा दिसत नाही, त्या दुसऱ्या पदार्थांसाठी बनवलेल्या असतात. किट निगेटिव्ह म्हणजे पोरगा साफ असं धरू नका. पोराकडे बघा. झोप, भूक, पैसे, मित्र.

यावल_एक्सप्रेस
लगीन लावून द्या, जबाबदारी आली की सुधरतात. आमच्याकडे दोन उदाहरणं आहेत.

खापरावरची_पोळी
आणि त्या दोन सुना? त्यांना विचारलं कोणी? दुसऱ्याच्या लेकीला औषध म्हणून आणायचं नसतं भाऊ. या एका गोष्टीवर मी मागे हटणार नाही.

केळीवाला_रावेर
ताईंशी शंभर टक्के सहमत.

नाव_नको
रोज वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो. मी चार वर्षं एमडीवर होतो, आता पाच वर्षं झाली बंद आहे. गाव सांगत नाही, चाळीसगाव तालुका एवढंच.

पहिल्यांदा रूम पार्टनरने दिलं, सबमिशन होतं, रात्र काढायची होती. पहिल्या वेळेला जे वाटलं ते परत कधीच वाटलं नाही, पण त्याच्यामागे चार वर्षं पळालो. सगळ्यांवर प्रेम दाटून यायचं, शब्द सुचायचे. मग रविवारपासून मंगळवारपर्यंत असं वाटायचं की आतून कोणीतरी खरवडून नेलंय. ते वाटू नये म्हणून परत. शेवटी शेवटी खिडकीच्या फटीला डोळा लावून बसायचो, पहाटे खाली दुधाची गाडी थांबायची, मला ती पोलिसांची वाटायची. रोज तीच गाडी, रोज तोच दूधवाला, आणि रोज मी पलंगाखाली.

सगळ्यात वाईट केलं ते सांगतो. आबा आजारी होते म्हणून कापूस जिनिंगला मी घेऊन गेलो. सतरा क्विंटल. आई आणि दोन मजुरीच्या बायांनी वेचलेला, बोंडांनी बोटं फाटलेली त्यांची. पैसे माझ्या हातात पडले आणि मी घरी न जाता थेट बस धरली. आठ दिवसांनी आलो तेव्हा आईने काहीच विचारलं नाही, पाणी दिलं फक्त. तो तांब्या मला अजून दिसतो.

मला पण आधी अशाच एका सेंटरला टाकलं होतं, गाडी पाठवून. एका खोलीत बावीस जण, पायात साखळी, बोललं की पट्टा. तिथे नशा सुटली कारण तिथे ती मिळत नव्हती. बाहेर आलो त्याच रात्री घेतली, आणि या वेळी घरच्यांवर सूड म्हणून घेतली. नंतर मोठ्या बहिणीने सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, झोप कशी आहे? कोणी इतक्या साधेपणाने विचारलं नव्हतं.

याच्या बदल्यात घ्यायची अशी गोळी नसते, दारूला असतात तशी पण नाही. डिप्रेशनची औषधं दिली, समुपदेशन, दर आठवड्याला हजेरी. पहिले दहा दिवस नुसता झोपलो आणि खाल्लं. मग खरा कठीण काळ, कशातच मन लागत नाही, गाणं नको, मॅच नको. घरच्यांना वाटतं आता बरा झाला, आणि पोरगा इथेच परत घसरतो. मी दोनदा घसरलो. एकदा दुपारी आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला आणि मला अचानक चव कळली, जिभेला झोंबलं, डोळ्यात पाणी आलं. किती महिन्यांनी तिखट तिखट लागलं. मी ते बहिणीला फोन करून सांगितलं, भाकरी लागली गं म्हणून.

तापीकाठ भाऊ, फोन बदला त्याचा. नंबरच बदला. माझे सगळे रस्ते त्या फोनमधून जायचे.

वकील_देवपूर
@नाव_नको, तुमच्या पायात साखळी घातली तो गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं आणि कोणाही रुग्णाला साखळीने बांधायला स्पष्ट मनाई आहे. सेंटर निवडताना नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर रोज येतो का विचारा, आणि घरच्यांना भेटू देत नसतील तर तिथून उठा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे जाऊन नुसतं बघून आलात तरी फरक कळेल.

भुसावळी
@नाव_नको भाऊ. आमच्या चाळीतल्या पोराला अशी बहीण असती तर.

सिस्टर_धुळे
१४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही असं पोरगा बोलला तर त्याला एकटं सोडू नका, उतरतीच्या दिवसांत हे विचार येतात. आणि तापीकाठ भाऊ, ती पुडी कुठे आहे आता?

तापीकाठ_चोपडा
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. पुडी त्याच्या समोर संडासात टाकून पाणी ओतलं. त्याने स्वतः बादली ओतली, हात थरथरत होते.

काल रात्री आबांना पूर्ण सांगितलं. नाव_नको भाऊंचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं, कापसाचं आलं तेव्हा आबा उठून ओट्यावर गेले. आमच्याकडे पण यंदा कापूसच होता. बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणे, त्या गाडीवाल्याला फोन करून सांग, येऊ नको. मग धाकट्याच्या खाटेजवळ बसले आणि म्हणे, तुले काय व्हयनं रे भो, सांग ना माले. आबा आमच्याशी अहिराणीत फक्त लहानपणी बोलायचे. तो रडला, आबा पण रडले, आईने दार लावून घेतलं, शेजारी ऐकतील म्हणून, आणि मग तीच दाराशी बसून रडली.

नवं सिम घेतलंय. कॉलेजला आजारी रजा टाकतोय. मंगळवारी धुळ्याला नेतो, सरकारीच. तो स्वतः हो म्हणाला, त्याने विचारलं फक्त, दादा तू आत येशील ना? सिस्टर, काय काय सोबत आणू?

सिस्टर_धुळे
आधार कार्ड, आधी कुठे दाखवलं असेल तर ते कागद, आणि त्याने शेवटचं कधी घेतलं ते एका चिठ्ठीवर लिहून आणा, तिथे आठवत नाही. उपचार सुरू झाल्याचा प्रत्येक कागद जपून ठेवा, वकील साहेबांनी सांगितलेल्या कलमासाठी तोच पुरावा. आठच्या आत पोचा, केसपेपरच्या खिडकीला मंगळवारी फार गर्दी असते. घरून खाऊन निघा, त्याला उपाशी आणू नका.

केळीवाला_रावेर
परत येताना त्याला शेवभाजी खाऊ घाला भाऊ. तिखट लागतंय का विचारा.

तापीकाठ_चोपडा
विचारतो.